कॉलवर ओळख दाखवायची नाही

लीड्स,
९ जानेवारी २०२४

राजेश्री,

मुद्दाम ईमेल लिहितोय. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू लगेच फोन केला असतास, आणि फोनवर आपलं कधी धड बोलणं होत नाही.

आज आमच्या नव्या सपोर्ट टीमची नावं आली. मला वाटलं, पुणं असेल, नाहीतर हैदराबाद. बघतो तर परभणी! आणि टीम लीड म्हणून तुझं नाव. आडनाव बघून माझ्या मॅनेजरने, क्लेअरने, विचारलंच, "नात्यातली आहे का?" मी म्हणालो, आमच्याकडे हे आडनाव गावोगाव सापडतं.

तर ते तसंच राहू दे. कॉलवर मला 'दादा' म्हणायचं नाही. इथे सगळे मला 'योगी' म्हणतात, तूही तेच म्हण. मराठीत एक शब्दही बोलायचा नाही. अण्णांची तब्येत, पिंगळी, शेत, यातलं काहीही ऑफिसच्या चॅटवर नको.

राग मानू नकोस. इथे भारतातली 'ऑफशोअर' टीम म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. नऊ वर्षं घासल्यावर मी त्या आठ्यांच्या अलीकडे आलोय. आपल्याच चुलत बहिणीला काम दिलं असं कुणी म्हटलं तर माझं सगळं संपेल.

योगीराज

*

पिंगळी,
११ जानेवारी २०२४

योगी साहेब,

असंच म्हणायचं ना? मंजूर.

तुझ्या माहितीसाठी सांगते, हे काम तू दिलेलं नाही. आमच्या मालकानं टेंडर भरलं, परीक्षा आम्ही दिली. वसमत रोडला बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही आठ जण बसतो. मी रोज पिंगळीहून गाडीनं येते-जाते. आठांतला सगळ्यात नवा मल्हार. येलदरीकडचा आहे, घरी मेंढरं. त्याच्या घरात असं खुर्चीवरचं काम करणारा हा पहिलाच. इंग्रजी लिहितो बरं, पण बोलताना घाबरतो. त्याला जरा सांभाळून घे, एवढंच मागते.

काम काय ते मालकानं समजावून दिलं. तुमच्याकडं म्हातारी माणसं एकटी राहतात. जेवण, औषध द्यायला मदतनीस बाया घरोघर जातात आणि दारात गेल्यावर मोबाईलवर नोंद करतात. नोंद झाली की तुमच्या स्क्रीनवर हिरवं, नाही झाली की लाल. लाल दिसलं की आम्ही इथून कळवायचं. चूक झाली तर कुणीतरी म्हातारं माणूस उपाशी राहील, हे आम्हाला कळतं. परभणीत राहून एवढं कळतं.

दोघं एकाच कामावर आहोत हे अण्णांना कुणीतरी सांगितलं. लय खूष झाले. पारावर बसून सगळ्यांना सांगायलेत, माझा योगी तिकडून अन् आमची राजेश्री इकडून, दोघं मिळून विलायत चालवायलेत. त्यांना काय सांगू? तुमच्या पोराला आमची ओळख द्यायची लाज वाटायलीय, असं?

राजेश्री

*

लीड्स,
२० फेब्रुवारी २०२४

राजेश्री,

महिना झाला. खरं सांगतो, तुमच्या टीमने मला हैराण केलंय.

होईल का? हो सर. समजलं का? हो सर. आणि दोन दिवसांनी बघावं तर कामाला हातही लागलेला नसतो. अरे, नाही समजलं तर नाही म्हणा ना! इथली माणसं मला विचारतात, यांचं 'हो' म्हणजे नक्की काय? मी काय उत्तर देऊ?

कालच्या कॉलवर त्या मल्हारला साधा प्रश्न विचारला. तो गप्प. तुमच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. क्लेअरला वाटलं लाईन गेली. माझी मान खाली गेली.

तुमचे रिपोर्टही असेच. कर्ता कुठे, कर्म कुठे. मी ते 'अस्पष्ट' शेरा मारून परत पाठवणार. पुन्हा तसेच आले तर पुन्हा पाठवीन. तू बहीण आहेस म्हणून सवलत मिळेल असं मनात असेल तर ते काढून टाक. तुझ्यावर मी दुप्पट कडक राहणार आहे, म्हणजे उद्या माझ्यावर बोट दाखवायला कुणाला जागा नको.

आणि अण्णांना पारावर बोलू देऊ नकोस.

योगीराज

*

पिंगळी,
१४ मार्च २०२४

दादा,

इथं तरी दादाच म्हणणार.

पोरं 'हो' का म्हणतात ते ऐक. पहिल्याच आठवड्यात मनिषा कॉलवर म्हणाली, हे एवढ्या वेळात होणार नाही. तू आमच्या मालकाला लिहिलंस, हिची वृत्ती चांगली नाही, बदला. मालकानं तिला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवसापासून या खोलीत कुणी 'नाही' म्हणत नाही. 'नाही' तूच बंद केलंस.

मल्हार गप्प का? पहिल्यापासून गप्प नव्हता तो. त्याच्या आधीच्या कॉलवर बोलला होता. तुमच्यातल्या एका गोऱ्यानं त्याचे शब्द तसेच्या तसे, आमच्यासारखे उच्चार करून, परत म्हणून दाखवले आणि सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तू हसलास. तुझं हसू मला ओळखू येतं, लहानपणापासून ऐकलंय.

आता कामाचं. मदतनीस बाईचा मोबाईल बंद असला किंवा रेंजच्या बाहेर असला, की तुमची सिस्टिम भेट झाली असं धरते. बाई गेलेलीच नसते आणि स्क्रीनवर हिरवं दिसतं. हे मल्हारनं पकडलं. आम्ही तीनदा इंग्रजीत कळवलं. तीनदा 'अस्पष्ट' म्हणून तू परत पाठवलंस. म्हणून आता तुझ्या मातृभाषेत सांगते. बाई गेली नाही तरी हिरवं दिसतं. एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जाईल. आता तरी समजलं ना?

राजेश्री

*

लीड्स,
१५ मार्च २०२४

राजेश्री,

ऑफिसचं काम खासगी ईमेलवर आणू नकोस. हे नियमाविरुद्ध आहे आणि उद्या ते माझ्याच अंगाशी येईल. काही सांगायचं असेल तर ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या नमुन्यात, नीट इंग्रजीत पाठव.

हसण्याबद्दल म्हणशील तर इथे सगळेच एकमेकांची चेष्टा करतात. तुम्ही लोक फार पटकन मनाला लावून घेता.

योगीराज

*

पिंगळी,
१० जून २०२४

योगीराज,

मल्हारला गेल्या आठवड्यात कामावरून काढलं.

तुझा अहवाल मालकानं आमच्यासमोर मोठ्यानं वाचला. मिसेस हॉल नावाच्या बाई, वय ऐंशीच्या पुढं, स्वयंपाकघरात पडल्या. त्यांची मदतनीस आजारी होती, तिचा फोन बंद होता, बदली बाई कुणी पाठवलीच नाही. शुक्रवारी पडलेल्या बाई रविवारी शेजाऱ्याला दिसल्या. तोवर तुमच्या स्क्रीनवर सगळ्या भेटी हिरव्या. आणि खाली तू लिहिलंस, "परभणीच्या मल्हार या कर्मचाऱ्याने शंका बंद केली."

खरंय, त्यानं बंद केली. कुणीतरी त्या घराबद्दल विचारलं होतं, त्यानं स्क्रीन बघितली, हिरवी होती, म्हणून 'भेट झाली' असं लिहून शंका बंद केली. तुमच्या नियमात तेच लिहिलंय. हिरवं का दिसलं, हे तुझ्या अहवालात कुठंच नाही.

त्यानं डबा उचलला आणि जिना उतरला. मी मागं गेले तर म्हणाला, "मॅडम, घरी काय सांगू? माझ्यामुळं म्हातारी पडली म्हणून सांगू का?"

आता त्याचा फोन बंद आहे. त्याची आई म्हाळसाबाई काल ऑफिसला आली होती. पोरगं खोलीच्या बाहेर निघंना, जेवंना, म्हणत होती. पायऱ्यांवर बसून राहिली. मालक तिला वर येऊ देईना. मी खाली जाऊन तिच्याजवळ बसले.

त्या हॉल बाई कशा आहेत? एवढं तरी सांग. आणि अहवाल बदल.

राजेश्री

*

लीड्स,
२१ जून २०२४

राजेश्री,

हॉल बाई वाचल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. आता त्या एकट्या राहू शकणार नाहीत, घर सोडावं लागेल.

अहवाल बदलता येणार नाही. नीट समजून घे. तुमचे रिपोर्ट परत पाठवणारा मी, हे बाहेर आलं तर मला इथून जावं लागेल. नोकरी गेली की व्हिसा गेला. मुलं इथल्या शाळेत आहेत, त्यांना मराठी वाचताही येत नाही. सोमवारी चौकशीचा कॉल आहे. क्लेअर तुला विचारेल, टीमकडून चूक झाली का? तू फक्त 'हो' म्हण. एवढे महिने तुमची टीम हो-हो करतेच आहे, अजून एकदा कर.

मल्हारचं मी बघतो. पुण्यात ओळखी आहेत, सहा महिन्यांत कुठेतरी लावून देईन. तरुण आहे, सावरेल. माझं वय आता सावरण्याचं नाही.

अण्णांचा विचार कर. पारावर सांगतात ना माझ्याबद्दल? त्यांना या वयात काय ऐकवणार आहेस? आपण एका घरचे आहोत, राजेश्री. तो मुलगा आपला कोण लागतो?

योगीदादा

*

पिंगळी,
२५ जून २०२४

योगीराज,

सहा महिन्यांत पहिल्यांदा 'दादा' अशी सही केलीस. काम पडल्यावर.

कालच्या कॉलवर तुमच्या बाजूनं काय दिसलं मला माहीत नाही. आमच्या बाजूला काय झालं ते सांगते, कारण तू नजर फिरवून बसला होतास.

आम्ही सात जण एकाच टेबलाभोवती होतो. आठवी खुर्ची रिकामीच ठेवली. क्लेअरनं विचारलं, टीमकडून चूक झाली का? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी इंग्रजी पाठ करून आले होते. पण तुझा चेहरा पडद्यावर मोठा दिसला आणि तोंडातून आपलं मराठीच निघालं. "दादा, मार्चमध्ये मी तुला मराठीत कळवलं होतं का नाही? इथंच सांग."

क्लेअरनं तुला विचारलं, काय म्हणाल्या त्या?

तू म्हणालास, "ती माफी मागतेय."

योगीराज, या खोलीतल्या प्रत्येकाला इंग्रजी कळतं. तू ते विसरलास का तुला ते कधी वाटलंच नव्हतं? मनिषाच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मालकाची मान खाली गेली. मला राग यायच्या आधी तुझी कीव आली, आणि लगेच त्या किवेचाही राग आला.

मग मी इंग्रजीत बोलले, कर्ता-कर्म जागेवर ठेवून. मी माफी मागितलेली नाही. मी यांना विचारलं की तुम्हाला चूक माहीत होती का. क्लेअर म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता? आणि तू 'नाही' म्हणालास. तुझा माईक चालू होता, आवाज स्वच्छ आला. मी सांगितलं, हे माझ्या सख्ख्या चुलत्याचे चिरंजीव. यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मधली भिंत एकच.

त्यापुढचं मी बोलले तेही ऐकलं असशील. तीनदा रिपोर्ट परत आला, मराठीतलं पत्रही परत आलं, तेव्हा मी टीमला म्हणाले होते, आता यांना काही सांगायचं नाही, लिहून येईल तेवढंच करायचं. मी रागात होते. तो राग मला परवडला, त्या बाईंना नाही परवडला. म्हणून जे भोगायचं ते मला द्या, मल्हारला नाही. हे मी क्लेअरला सांगितलं आणि आज मालकालाही लिहून दिलं.

'तो मुलगा आपला कोण लागतो' विचारलंस. तू कोण लागतोस, हे मी काल सांगितलं. त्याचीच लाज वाटायलीय.

राजेश्री

*

लीड्स,
९ जुलै २०२४

मला काढलं. तुमचं कंत्राटही रद्द झालं, ते कळलं असेलच. सात जणांचं काम घालवलंस आणि माझ्या पोरांची शाळा घालवलीस. झालं समाधान?

आमच्या घरात पाय ठेवू नकोस. अण्णांशी बोलू नकोस. आई म्हणाली, तू त्यांना सगळं सांगितलंस. अण्णा माझा फोन घेईनात. माझ्या बापाला माझ्यापासून तोडलंस तू. लहानपणापासून तू माझ्यावर जळत होतीस, आता डोळे गार झाले असतील.

यापुढं मला लिहायचं न्हाई.

*

पिंगळी,
२८ सप्टेंबर २०२४

योगीराज,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहायलेय. भिंतीपलीकडून तुझा खोकला ऐकू येतो. महिना झाला तुला येऊन, समोर आलास की रस्ता बदलतोस. म्हणून ईमेलच.

अण्णांना मी आपणहून सांगितलं नाही. ते स्वतः ओट्यावर आले आणि म्हणाले, "पोरी, खरं काय ते सांग, पारावर लोक मला वेगळंच विचारायलेत." मग खोटं बोलले नाही. त्यांनी तुझा फोन का घेतला नाही, ते त्यांना विचार.

आमच्यातल्या चौघांना मालकानं दुसऱ्या कामावर ठेवलं. मला नाही. ते ठीक आहे, मीच लिहून दिलं होतं.

मल्हारवर कोणताही दोष नाही, असं क्लेअरनं कंपनीच्या कागदावर लिहून पाठवलं. मी ते येलदरीला त्याच्या घरी पोचवलं. तो आता बाहेर पडतो, जिंतूरला एका मोबाईलच्या दुकानात बसतो. पण त्याच्या बापानं, सटवाजींनी, चार महिने गावात मान वर केलेली नाही. पोरानं विलायतेची म्हातारी मारली, असं लोक बोलले त्यांना.

तू जा तिकडं. तुझ्या तोंडानं सांग, चूक माझी होती म्हणून. तिथं क्लेअर नाही, व्हिसा नाही, इंग्रजी नाही. ते झाल्याशिवाय आमच्या दारात येऊ नकोस, आणि तुझ्या आईच्या, बायनाकाकूच्या, हाती निरोपही धाडू नकोस.

राजेश्री

*

पिंगळी,
६ ऑक्टोबर २०२४

राजेश्री,

काल गेलो होतो.

मल्हार नव्हता, जिंतूरला होता. सटवाजी मेंढरांच्या वाड्यावर नजर ठेवून उभे होते. मी नाव सांगितलं, लीड्सहून आलोय म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमीच का ते साहेब? तुमीच कागद धाडला ना? माझ्या लेकराचं नाव धुऊन काढलं बगा तुमी!" म्हाळसाबाईंना हाक मारली. मला खाटेवर बसवलं. शेजारपाजारचे चार लोक जमले. त्या माणसानं सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला. म्हणाले, "आमच्यासारख्या माणसासाठी एवढ्या लांबून कोण येतंय!"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण म्हातारा रडत होता, लोक बघत होते. मला सांगता आलं न्हाई.

आता विचार करतोय, त्यांची इज्जत परत मिळाली ना? ती कुणामुळं मिळाली यानं त्यांना काय फरक पडतो? खरं सांगून त्यांचाच आनंद मोडायचा. हे एवढं राहू दे. तू जा म्हणालीस, मी गेलो. आता आपल्यातलं मिटवू. अण्णा तुझं ऐकतात. माझ्याशी दोन शब्द बोला म्हणावं त्यांना.

योगीदादा

*

पिंगळी,
८ ऑक्टोबर २०२४

योगीराज,

राहू दिलं नाही. आज सकाळच्या एसटीनं येलदरीला जाऊन सगळं सांगून आले. मल्हारला सुट्टी होती, तोही बसला होता. तुझं नाव त्यानं घरी कधी घेतलंच नव्हतं. म्हणून म्हाताऱ्याला माहीत नव्हतं.

सटवाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टोपी घातली तवा त्याला ठावं व्हतं का, आमी चुकायलोत म्हणून?"

मी म्हणाले, होतं.

ते उठले, एक मेंढरू कुंपणाकडं गेलं होतं ते वळवून आले. मग म्हणाले, "नारळ फोडला असंल तर फोडला. टॉवेल बी राहू दे त्याच्याकडं, घाम पुसायला कामी येईल. टोपी तेवढी माघारी आणा, बाई."

टोपी अण्णांपाशी देऊन ठेव. मी उद्या घेऊन जाईन.

राजेश्री